लितानीच्या वेळी जाणारी रेंज

कार्मिनबाईंना मी फार ओळखत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची निराशा व्हायला नको. त्यांच्या नवऱ्याला मी कधी पाहिलं नाही. त्या आधी कुठे कामाला जात, तरुणपणी कशा होत्या, हे सगळं मला त्या गेल्यावर कळलं. आमची ओळख जेमतेम दोन वर्षांची, तीही संध्याकाळच्या तासाभरापुरती, आणि त्यातला बराच वेळ मी त्यांच्या ओट्यावर बाहेर बसलेलो असे. त्यांच्या पुतणीने, टिफनीने, मला लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, गावात त्यांना जन्मापासून ओळखणारी माणसं आहेत, त्यांना सांग. ती म्हणाली, "त्यांना सगळंच माहीत आहे काका, म्हणून ते लिहिणार नाहीत."  पत्रांपलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. जमेल तसं लिहितो.

आमची बिल्डिंग वसईत होळी गावाच्या अलीकडे आहे. कार्मिनबाई सकाळी बिल्डिंगच्या फाटकाशी टोपली घेऊन बसत. स्वतःच्या वाडीतलं अळू, वालाच्या शेंगा, एखादं केळफूल आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले मोगऱ्याचे गजरे. ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या. माझी बायको विनया त्यांचं रोजचं गिऱ्हाईक. एक दिवस त्या विनयाला म्हणाल्या की घरातल्या लॅपटॉपला नेटच मिळत नाही, आणि पुतणी बँकेतून येते तोवर फार उशीर झालेला असतो. विनयाने मला न विचारता सांगून टाकलं, "आमचे हे टेलिफोन खात्यात होते. त्यांना पाठवते."

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, अगं, माझं खातं तारांचं, मला त्या लॅपटॉपमधलं काय कळतं. ती म्हणाली, "रिटायर झाल्यापासून तुम्ही फक्त रिमोटचे सेल बदलताय. जा जरा."

मी लाईन तपासणाऱ्यांपैकी होतो. फोन बंद पडला की लाईन कुठे तुटली ते शोधायचं. तारेचं एक बरं असतं. ती तुटली तर कुठेतरी तुटलेली असते, आणि मागावर राहिलं की ती जागा सापडते. हवेतून येणारी गोष्ट कशी तुटते आणि कुठे तुटते, हे मला ठाऊक नव्हतं. विरारला राहणाऱ्या माझ्या मुलाला, संकेतला, मी ऑफिसात फोन केला आणि होळीला जातोय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, होळी मार्चमध्ये असते." त्याला विरारमध्ये इतकी वर्षं झाली तरी होळी हे गावाचंही नाव आहे हे त्याच्या लक्षात राहत नाही.

कार्मिनबाईंचं घर बैठं, कौलारू, जाड भिंतींचं. पुढे मोगऱ्याची रांग, मागे केळी. बाहेरच्या खोलीत दाराच्या वर नेटवाल्याने आपली पांढरी डबी ठोकून ठेवली होती. आतल्या खोलीत भिंतीशी आल्तार, म्हणजे त्यांचा देव्हारा. मारियामातेची मूर्ती, येशूची तसबीर, लाल काचेतला दिवा. दोन खोल्यांच्या मधल्या दारात टेबल, आणि टेबलावर टिफनीचा जुना लॅपटॉप.

त्या पहिल्या दिवशी मी फाटक नुसतं लोटून आत आलो होतो. मी लॅपटॉपशी झटापट करीत असताना शेजारच्यांची बकरी आत शिरली आणि मोगऱ्याचा एक कोपरा फस्त करून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्मिनबाईंनी मोडलेल्या फांद्या उचलून केळींत टाकल्या. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा निघालो, तेव्हा आतून त्यांचा आवाज यायचा, "फाटक?" आणि मी कडी घालून ओरडायचो, "लावलं." कधी त्या चुलीपाशी असत, कधी मागे विहिरीवर. पण विचारायच्या राहिल्या नाहीत.

नेट कशाला हवं होतं, ते मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

त्यांची धाकटी बहीण अँजेलिना. लहान असतानाच तिने सिस्टर, म्हणजे नन, व्हायचं ठरवलं आणि ती दूर झारखंडात गेली. जन्मभर तिथल्या आदिवासी पोरींना तिने हिंदीतून शिकवलं. दोन-तीन वर्षांतून एकदा घरी यायची. आता तिची आठवण जात चालली होती. आधी माणसांची नावं गेली, मग माणसं गेली, मग हिंदीही गेली. स्क्रीनवर कार्मिनबाई दिसल्या तरी ही कोण हे तिला कळत नसे. पण एक गोष्ट उरली होती. लहानपणी घरात रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची. रोझरीची प्रार्थना अशी असते की अर्धी एकाने म्हणायची आणि उरलेली अर्धी दुसऱ्याने. पहिली अर्धी कार्मिन म्हणायची, दुसरी अर्धी अँजेलिना. आताही कार्मिनबाईंनी "नमो मारिया" सुरू केलं की तिकडून "पवित्र मारिये" यायचं, एकही शब्द न चुकता. दुसरं कुठलंही बोलणं त्या दोघींत उरलं नव्हतं.

"कॉन्व्हेंटात बाकी कुणाला मराठी येत नाही," कार्मिनबाई म्हणाल्या. "तिला अर्धं देणारी मी एकटीच."

आणि नेट नेमकं त्यातच तुटायचं. कधी लवकर, पण बहुतेक शेवटाला. रोझरीच्या शेवटी लितानी असते. मातेचं एकेक नाव घ्यायचं आणि प्रत्येक नावाला समोरच्याने "आम्हांसाठी विनंती कर" म्हणायचं. नावं वेगळी, उत्तर एकच. ते अँजेलिनाला सर्वांत सोपं जायचं, लितानी आली की ती हसायची. आणि तिथेच चित्र थिजायचं. तिकडे तिला सांभाळणाऱ्या तरुण सिस्टरने कळवलं होतं की लितानी अर्धी राहिली तर अँजेलिना उठत नाही. पुढच्या नावाची वाट बघत तशीच बसून राहते, ताट समोर आलं तरी जेवत नाही.

 मला वाटलं होतं सिनेमा वगैरे बघायला हवं असेल नेट.

पहिल्या दिवशीचं काम फुकटात झालं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात विमानाचं चित्र होतं. संकेत फोनवर म्हणाला, विमानाचं बटण चुकून दाबलं गेलंय, त्याने सगळं वायरलेस बंद होतं. मी बटण दाबलं, विमान गेलं, नेट आलं. कार्मिनबाई म्हणाल्या, "विमान कुणी मागवलं होतं? मी वसईच्या बाहेर जात नाही." त्या संध्याकाळी मी खूश होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीशी बसल्या बसल्या त्यांनी विनयाला सांगितलं की लितानीला परत गेलं.

मग मी दर आठवड्याला जाऊ लागलो. साडेसहाला पोचायचं, सगळं तपासायचं, सातला चर्चची घंटा झाली की त्यांची रोझरी सुरू व्हायची. मी लॅपटॉप बंद करून परत चालू केला. भिंतीवरची डबीही बंद करून चालू केली. टेबलापाशी रेंज अगदी भरलेली दिसे. संकेतला विचारलं तर तो म्हणाला, ते नेटवर्क लॅपटॉपला एकदा विसरायला लावा. तसं एक बटण असतं, विसरा म्हणून. दाबलं की लॅपटॉप ती ओळखच पुसून टाकतो, मग परत नव्याने ओळख करून द्यायची. कार्मिनबाई खांद्यावरून बघत होत्या.

"आणि विसरल्यावर परत ओळखेल कसं?"

"पासवर्ड घातला की ओळखतं."

त्या लॅपटॉपवरची धूळ पदराने पुसू लागल्या. मग म्हणाल्या, "आमच्या अँजेलिनाचं पण तसंच आहे." आणि चहा ठेवायला गेल्या. पासवर्ड टिफनीने ठेवला होता, मोगरा आणि पुढे आकडे. मोगऱ्याचं पहिलं अक्षर मोठं आहे हे मला कळेपर्यंत चहा निवला.

त्यानेही काही झालं नाही. एका रविवारी संकेतने विरारहून दूर बसूनच लॅपटॉप तपासला. बाण आपोआप इकडे तिकडे फिरायला लागला तशी कार्मिनबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. फोनवर संकेत म्हणाला, "काकू, तुमचा ड्रायव्हर जुना झालाय. नवीन टाकावा लागेल." वायरलेसचा भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात, हे मलाही तेव्हाच कळलं. कार्मिनबाई म्हणाल्या, "जुना होता तोच बरा होता रे बाबा. नवीन कुठे आणतोस या वयात." मी काही समजलो नाही. त्यांनीच हसून खुलासा केला की त्यांचे मालक, म्हणजे त्यांचा नवरा फर्डिनंड, सातिवलीच्या कारखान्यांचा माल वाहायच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. संकेतने नवा ड्रायव्हर टाकला. रेंज तरीही लितानीला गेलीच.

इथे मला माझी एक सवय सांगायला हवी. सातची घंटा झाली की मी उठून ओट्यावर जाऊन बसत असे. दुसऱ्यांच्या घरी प्रार्थना चाललेली असताना आपण खुर्चीत पाय पसरून बसणं मला बरं दिसत नव्हतं. कार्मिनबाईंनी मला कधी अडवलं नाही. पुढे कळलं की त्यांना वाटत होतं, हे आपल्यातले नाहीत, आत बसायला यांना अवघडत असेल. मला वाटत होतं, मी बसलो तर त्यांना अवघडेल. असे आम्ही दोघे एकमेकांचा मान राखत होतो आणि रेंज जात होती.

ओट्यावरून सगळं ऐकू यायचं. पहिली अर्धी कार्मिनबाईंची, जमिनीलगतची, जरा घोगरी. दुसरी अर्धी लॅपटॉपमधून, पातळ, थोडी मागून येणारी. मला अर्थ सगळा कळत नसे, पण त्या दोन आवाजांचं येणं-जाणं मला आवडायला लागलं होतं. जन्मभर लाईनवर कान ठेवलेला माणूस मी. दोन टोकांना दोन माणसं आहेत आणि मधे आवाज नीट जातोय, यापेक्षा जास्त मी नोकरीत काही मागितलं नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज व्हायचा, काहीतरी खाली ठेवल्यासारखं वाटायचं, लितानी सुरू व्हायची, तीन-चार नावांना उत्तर यायचं, आणि मग कार्मिनबाई एकच नाव पुन्हा पुन्हा घ्यायला लागायच्या. तिकडून काही नाही. मी आत जाईपर्यंत लॅपटॉप परत टेबलावर असायचा आणि रेंज भरलेली.

मी घरी येऊन विनयाला म्हणे की हे माझ्या आवाक्यातलं नाही, कुणातरी जाणत्या माणसाला बोलवायला सांग. ती म्हणे, त्यांनी दोघांना बोलावलं होतं. ते सकाळी आले, सगळं ठीक आहे म्हणाले आणि गेले.

नाताळच्या आधीची गोष्ट. मी गेलो तर ओट्याला आदल्याच दिवशी रंग दिलेला. बसायला जागा नाही. घंटा झाली तसा मी फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहायला निघालो. कार्मिनबाई पहिल्यांदाच जरा वैतागून म्हणाल्या, "भाऊ, रस्त्यावर उभं राहून माझी लाज काढता काय? आत बसा की."

मी दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसलो.

रोझरी नेहमीसारखी झाली. कार्मिनबाई खुर्चीवर, लॅपटॉप टेबलावर, स्क्रीनवर पांढऱ्या वस्त्रातला एक बारीक चेहरा. मग लितानीची वेळ आली. कार्मिनबाईंनी खुर्ची सरकवली, लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, आतल्या खोलीत आल्तारासमोर जमिनीवर एक पाट होता त्यावर नेऊन ठेवला, आणि त्याच्यापुढे गुडघे टेकले. त्यांच्या आईचा नियम होता, लितानी गुडघ्यांवर. अँजेलिनाला त्या समोर दिसायला हव्यात म्हणून लॅपटॉपही खाली यायचा. आणि तो पाट कुठे, तर दोन हात जाड भिंतीच्या आड, आणि त्या भिंतीला लागून उभं मोठं लोखंडी कपाट. डबी बाहेरच्या खोलीत दाराच्या वर. मधे भिंत, मधे लोखंड, आणि लॅपटॉप जमिनीवर. रेंजच्या रेघा माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून उतरल्या. चौथ्या नावाला चित्र थिजलं. अँजेलिनाचं तोंड "आम्हांसाठी"च्या आ वर उघडं राहिलं.

मी पटकन बोलून गेलो, "बाई, तुम्ही खाली बसता म्हणून."

"मग कुठे बसू?"

"वरच बसा ना. टेबलाशी."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या. "लितानीला खुर्चीवर? आणि अँजेलिना तिकडून बघणार? ती मला ओळखत नाही, भाऊ. पण उभी राहणारी, बसणारी, गुडघ्यावर येणारी बाई तिला ठाऊक आहे."

मला वाईट वाटलं, पण मग एक गोष्ट लक्षात आली. आता हा प्रश्न माझ्या खात्यातला होता. त्यांनी जागा बदलायची नव्हती, डबीने बदलायची होती. आणि डबीपर्यंत हवेतून काही येत नव्हतं, तिथवर तारच होती.

दुसऱ्या दिवशी मी माझी जुनी हत्यारांची पेटी काढली. लांब केबल आणली. बाहेरच्या दारावरून चौकटीच्या कडेकडेने, मग खिडकीच्या वरून आत, मग आल्ताराच्या बाजूच्या भिंतीवर. वीतभर अंतरावर एकेक क्लिप ठोकली. ओळ सरळ आली. कार्मिनबाई शिडी धरून उभ्या होत्या आणि मधून मधून म्हणत होत्या की खाली या, मी गावातल्या कुणाला तरी बोलावते. मी उतरलो नाही. आल्ताराच्या शेजारी भिंतीत एक लहान फळी होती, त्यावर ती पांढरी डबी बसली. तिचे हिरवे दिवे मातेच्या लाल दिव्याशेजारी मिचकायला लागले. कार्मिनबाईंना ते कसंसंच वाटलं. त्यांनी क्रोशाने विणलेला एक रुमाल आणून डबीवर घातला. रुमालाने रेंजला काही होणार नाही ना, असं विचारून घेतलं. पुढे नव्या वर्षात फादर घराला आशीर्वाद द्यायला आले. ते आल्तारावर पवित्र पाणी शिंपडायला लागले तशी कार्मिनबाईंनी लगबगीने पुढे होऊन डबीवर पदर धरला. फादरनी काय ते विचारलं. त्या म्हणाल्या, "हिला नको फादर. ही ओली झाली की लितानी जाते."

त्या दिवशी, म्हणजे केबल ठोकली त्या दिवशी, घंटा झाली तेव्हा मी सवयीने उठलो. त्यांनी नुसतं स्टुलाकडे बोट दाखवलं. मी बसलो.

लितानी आली. लॅपटॉप पाटावर उतरला. नाव, उत्तर. नाव, उत्तर. चौथं गेलं, पाचवं गेलं. माझं लक्ष फक्त रेघांकडे, त्या हलल्या नाहीत. अँजेलिना हसत होती. शेवटचं नाव झालं, तिने शेवटचं "आम्हांसाठी विनंती कर" म्हटलं, मग "आमेन" म्हटलं आणि काम संपल्यावर बायका पुसतात तसे दोन्ही हात वस्त्राला पुसले. मागून त्या तरुण सिस्टरने हात हलवला आणि म्हणाली, "बाय बाय, आंटी." अँजेलिना स्क्रीनच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "बाय."

चित्र बंद झालं. कार्मिनबाई तशाच गुडघ्यांवर राहिल्या. होळीत घरोघर मोठ्या बहिणीला, मानाच्या बाईला बाय म्हणतात. सगळं गाव त्यांना कार्मिनबाय म्हणे. मी बाहेरचा, माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही, मी बाईच म्हणत राहिलो. अँजेलिना लहानपणी नुसतंच बाय म्हणायची, नाव न घेता.

"तुम्ही ऐकलंत ना?" त्यांनी वळून न बघता विचारलं. "काय म्हणाली?"

 आवाज स्वच्छ आला होता, तेवढं मी सांगू शकत होतो. त्या आवाजात काय होतं ते सांगणं माझ्या खात्यात कधीच नव्हतं.

"बाय म्हणाली," मी सांगितलं.

"हां," त्या म्हणाल्या, आणि कपाटाला धरून उठल्या.

त्यानंतर माझं तिथे काही काम उरलं नाही. काम नसताना कुणाच्या घरी जायची मला सवय नाही. दोन आठवडे मी गेलो नाही. मग एका सकाळी विनया अळूच्या जुडीबरोबर निरोप घेऊन आली. कार्मिनबाई विचारत होत्या, तुमच्या साहेबांना म्हणावं, नेट चालू आहे, पण बघून गेलेलं बरं. मी गेलो. रेंज भरलेली होती. चहाबरोबर बशीत केळ्याची भजी होती. मी बघण्यासारखं जे काही होतं ते बघितलं, म्हणजे डबीवरचा रुमाल उचलून परत ठेवला. मग घंटा झाली आणि मी स्टुलावर बसलो. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मी बघून येऊ लागलो.

आम्ही फार बोलत नसू. त्यांना मी फारसं काही विचारलं नाही आणि मला विचारण्यासारखं माझ्यात काही नाही. एकदा कधीतरी त्या म्हणाल्या की लहानपणी दोघी बहिणींना सिस्टर व्हायचं होतं, पण आई म्हणाली, एक देवाला देईन, एक मला राहू दे. मी म्हटलं, मग तुम्हाला वाईट वाटलं का? त्या म्हणाल्या, "वाटलं असेल. आता आठवत नाही. अँजेलिनाचं विसरणं आमच्या घराण्यातच आहे."

एका संध्याकाळी लितानीच्या मधेच वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण डबी विझली. चित्र थिजलं. खोलीत फक्त लाल काचेतल्या ज्योतीचा उजेड, तो तेलाचा दिवा होता. कार्मिनबाईंनी पुढचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. त्यांनी तेच नाव पुन्हा घेतलं. मी स्टुलावर बसून होतो. हे आपलं नाही, आपण बोलू नये, असं मला वाटत होतं. त्यांनी ते नाव तिसऱ्यांदा घेतलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्हांसाठी विनंती कर." त्यांनी वळून बघितलं नाही. पुढचं नाव घेतलं. मी पुन्हा म्हटलं. असं शेवटपर्यंत गेलो. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

आमेन झाल्यावर त्या उठल्या, मेणबत्ती लावली आणि म्हणाल्या, "तुमचं 'आम्हांसाठी' बरोबर आहे. 'विनंती' जरा घाईत होते." मग वीज आली. त्यांनी लगेच झारखंडला परत लावलं आणि लितानीची नावं अँजेलिनाबरोबर पहिल्यापासून घेतली. तिकडे ती वाटच बघत बसली होती.

गेल्या फेब्रुवारीत कार्मिनबाई गेल्या. दुपारी वाडीत पाणी घालताना छातीत कळ आली, आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं. मी त्या दिवशी विरारला संकेतकडे होतो. टिफनीचा फोन आला. मी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, घर माणसांनी भरलं होतं. चर्चची घंटा झाली. सगळी माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कारण तिकडे कॉन्व्हेंटात अँजेलिना समोर येऊन बसली असणार. तिला काय सांगायचं आणि कुठल्या भाषेत? टिफनीने डोळे पुसले, लॅपटॉप उघडला आणि पहिली अर्धी म्हणायला सुरुवात केली. तिकडून दुसरी अर्धी आली. गावातल्या बायका तिच्यामागे होत्या, पण त्या उत्तर देत नव्हत्या, त्यांनी ते अँजेलिनाला देऊ दिलं. लितानीला टिफनीने लॅपटॉप उचलून पाटावर ठेवला. तिने हे कुणाकडून ऐकलं नव्हतं, कधीतरी बघितलं असणार. सगळी खोली गुडघ्यांवर आली. मी दाराशी उभा होतो, मीही गुडघे टेकले. रेघा भरलेल्या होत्या. शेवटी अँजेलिना स्क्रीनच्या जवळ आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाय." टिफनीला ते निरोपाचं वाटलं. ती म्हणाली, "बाय, आंटी." मी डबीवरचा रुमाल सरळ केला.

दफनाच्या दिवशी मला लोकांकडून कळलं की कार्मिनबाई लग्नाआधी सातिवलीत बाटल्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. तिथेच टेम्पो घेऊन येणारे फर्डिनंड त्यांना भेटले. चर्चच्या नाटकात त्या पुरुषांची कामं करायच्या, त्यांचा मिशीवाला फौजदार इतका गाजला होता की पलीकडच्या गावचे लोक त्यांना रस्त्यात सलाम ठोकायचे.  ज्या बाईच्या शेजारी मी इतक्या संध्याकाळी बसलो, तिला मिशी कशी दिसत असेल याची मला कल्पनाच करता येईना.

अँजेलिनाची रोझरी अजून चालू आहे. टिफनी आता लवकर निघते. तिला जमलं नाही त्या दिवशी गावातली कुणी बाई येते. आठवड्यातून एकदा मी रुमाल उचलून बघून येतो.

आमचं शेवटचं बोलणं काही खास नव्हतं. त्या जाण्याच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट. मी बाजारातून येताना त्यांच्या घरावरून जात होतो. त्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी आत बोलावलं, ओंजळभर सोललेले वाल कागदात बांधून विनयासाठी दिले. मी उभ्या उभ्या विचारलं, नेट काय म्हणतंय? त्या म्हणाल्या, "नेट कुठे काय म्हणतंय. म्हणतो आम्हीच." मी हसलो. त्या सालं गोळा करून मागे केळींना टाकायला गेल्या आणि मी निघालो. कडी घालत होतो तेव्हा घराच्या मागून त्यांचा आवाज आला.

"फाटक?"

"लावलं," मी म्हटलं.